चुगलखोर काट्याची खोटी साक्ष

१

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी लाल गाडी सुरू केली, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि लगेच बंद केली. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिथूनही मला कळलं की काहीतरी बिनसलंय. एरवी या गाडीचा आवाज कसा सलग यायचा, आणि आज मध्येमध्ये टिकटिक ऐकू येत होती. मिस्त्रींनी पुन्हा चावी फिरवली, पुन्हा बंद केली आणि बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी हातातला टॉवेल तसाच टाकून खाली आले.

आधी आमचा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेतो, ठाकठीक करतो आणि शौकीन लोकांना विकतो. गाड्या हुडकून आणतात आणि गोड बोलून विकतात ते आमचे हे. ठाकठीक करतात ते मिस्त्री. किल्ल्या सांभाळणं, गिऱ्हाइकांना चहा पाजणं आणि या दोघांची भांडणं मिटवणं ही बिनपगारी कामं माझ्याकडे. खाली गॅरेज आणि वर घर, त्यामुळे सुटका नाही.

लाल गाडी म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण. दोनच माणसांची, कापडी टपाची, टप मागे टाकला की डोक्यावर थेट आभाळ. इंजिन एवढंसं, पण फिरतं भयंकर. साध्या गाडीचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना धापा टाकायला लागतं, तर हिचं सहा हजाराला कुठे जागं होतं आणि नऊ हजारांपर्यंत गात जातं. नऊ झाले की ती स्वतःच ठिणगी तोडते. मग ॲक्सिलरेटरवर नाचलात तरी इंजिन वर जात नाही. ही गाडी आली तेव्हा तिचं इंजिन बंद पडलेलं होतं. मिस्त्रींनी सबंध हिवाळा घालवून ते सुटं केलं, घासलं, पुसलं आणि पुन्हा बांधलं. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायचं तर बॉनेटखाली डोकं घालावं लागायचं.

ही गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंना हवी होती. कित्येक महिने दर शनिवारी दवाखाना बंद केला की त्या यायच्या आणि इंजिन कुठवर आलं ते बघायच्या. त्यांचे यजमान प्रोफेसर. त्यांना पाठीचा त्रास, म्हणून त्यांची पसंती शेजारच्या निळ्या गाडीला. तीही उघड्या टपाचीच, पण नवी, गुबगुबीत, गिअर आपले आपण बदलणारी. कुठली घ्यायची ते ठरवायला रविवारी आम्ही सगळे दोन्ही गाड्या घेऊन गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर गेलो होतो. तिथे आता विमानं उतरत नाहीत, भाड्याने मिळते. दिवस मजेत गेला होता. आणि आज ही टिकटिक.

मिस्त्रींनी दुपारपर्यंत प्लग काढून आत बारीक कॅमेरा घालून पाहिलं. मग फडक्याला हात पुसत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"व्हॉल्व पिस्टनला चाटून गेलेत, वहिनी. असं दोनच कारणांनी होतं. एक तर इंजिन नऊ हजारांच्या खूप वर फिरवलं गेलं, नाहीतर बांधणाऱ्याने चुकीचं बांधलं."

मी म्हटलं, मग फिरवलं असेल कुणीतरी. त्यावर त्यांनी मला गाडीत बसवून फेऱ्या दाखवणारं घड्याळासारखं तबक दाखवलं. त्याला दोन काटे आहेत. जाड काटा इंजिनाबरोबर वरखाली होतो. दुसरा बारीक काटा मात्र जिथवर इंजिन चढलं तिथेच जाऊन थांबतो आणि बटण दाबून खाली पाडेपर्यंत हलत नाही. जुन्या शर्यतीच्या गाड्यांना असायचा तसला. मी त्याला चुगलखोर म्हणते, कारण कुणी गाडी किती पिळली ते तो मालकाला सांगतो. तो आज तीन हजारांवर उभा होता.

"काल सकाळी डॉक्टरीणबाई नऊपर्यंत गेल्या, तेव्हा मी शेजारी होतो. इंजिन झकास होतं. मग मी स्वतः काटा खाली पाडला. त्यानंतर दिवसभरात तीन हजार. तीन हजारांवर जे इंजिन मोडतं ते बांधणाऱ्याने मोडकंच बांधलेलं असतं."

एवढं बोलून ते आपली हत्यारं पेटीत भरायला लागले. आठवड्याभरात ते आमच्या धंद्यात भागीदार होणार होते. आता म्हणत होते, मेहुण्याचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, उद्यापासून तिकडे जातो, इंजिनाला पुन्हा हात लावणार नाही. मी काहीबाही समजावत होते, एवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. लाल नको, त्या म्हणाल्या, निळीच घेते.

अजून त्यांना इंजिनाबद्दल कुणी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

२

आमच्या वन्सं तेव्हा सुट्टीला आमच्याकडे आल्या होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. विमा कंपनीत आहेत. लोक नुकसानीचे दावे करतात, त्यातले खरे कुठले आणि थापा कुठल्या हे शोधायचं त्यांचं काम. गाडी चालवता येत नाही, आणि मागच्या सीटवर बसल्या तर दुसऱ्या वळणाला मळमळतं. पण माणसाला बोलतं करावं तर त्यांनीच. भांडायचं नाही, दरडावायचं नाही, नुसतं "मग?" म्हणायचं आणि वाट बघायची. माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष या "मग?"ला भिण्यातच गेलं.

मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, काहीही करा, पण हा माणूस जाता कामा नये. वन्सं गाडीत बसल्या, काट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सकाळच्या त्या फेरीनंतर ही कुणी कुणी चालवली?"

मी बोटांवर मोजायला लागले. घरी आणली ती ह्यांनी. त्याआधी फाटकापर्यंत नेली ती डॉक्टरीणबाईंनी. धावपट्टीच्या एका टोकाला शेड आहे, तिथे आमचा चहा चालला होता, आणि फाटक दुसऱ्या टोकाला. निघताना ह्यांनी मला आणि प्रोफेसरांना निळ्या गाडीत घेतलं, मिस्त्री वळणं दाखवायला उभे केलेले खांब गोळा करून डिझेलच्या टेम्पोतून मागून आले, आणि लाल एकट्या डॉक्टरीणबाईंनी आणली. फाटकाशी ह्यांनी लाल घेतली आणि निळी मी.

"आणि त्याच्याही आधी?"

आता आली का पंचाईत. त्याच्या आधी लाल गाडी मी चालवली होती. ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं की गिऱ्हाइकाच्या दिवशी खेळ नको. पण हे आणि डॉक्टरीणबाई निळीचा टप उघडझाप करण्यात गुंतले होते, मिस्त्री लांब टोकाला, आणि प्रोफेसर बिचारे एकटेच शेडमध्ये जांभया देत होते. म्हटलं, चला प्रोफेसर, एक फेरी मारू. टप खाली, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि ते लहानगं इंजिन असं काही ओरडलं की प्रोफेसरांनी दोन्ही हातांनी टोपी धरली आणि हसत सुटले. मीही हसत होते. नवऱ्याच्या गॅरेजात इतकी वर्षं काढून त्या गाड्यांत काय असतं ते मला काल कळलं.

"किती फेऱ्यांपर्यंत नेलीस?"

"सातपर्यंत. प्रोफेसर मोठ्याने आकडे वाचत होते ना."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मीही त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मिस्त्रींनी काटा पाडल्यावर मी सात हजारांपर्यंत गेले होते. मग चुगलखोर काटा निदान सातवर तरी असायला हवा होता. तो तीनवर होता, म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी बटण दाबून तो मुद्दाम खाली पाडला होता. आणि लपवण्यासारखं काही घडल्याशिवाय कशाला कोण तो पाडेल?

३

मी धावत मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पण पेटी भरायची थांबवली नाही. म्हणाले, वहिनी, तुमचं मन मोठं आहे, माझ्यासाठी तुम्ही सातच काय सत्तर हजारही म्हणाल. इतका राग आला मला. एकीकडे खरं बोलावं आणि वर मोठ्या मनाचं सर्टिफिकेट घ्यावं. नाव सांगितल्याशिवाय हा माणूस बधणार नव्हता.

वन्संनी त्यांना एकच गोष्ट विचारली, ते बटण आहे कुठे आणि ते कुणाकुणाला माहीत आहे. बटण तबकाच्या मागच्या अंगाला आहे, दिसत नाही, सांगितल्याशिवाय सापडायचं नाही. मला ते ठाऊक नव्हतं. प्रोफेसरांना तर दुसरा काटा कशाला असतो हेही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं तिघांना. मिस्त्रींना, ह्यांना, आणि शनिवारी येऊन प्रत्येक स्क्रूची चौकशी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना.

मिस्त्रींनी पाडून स्वतःवरच आळ घ्यायचं कारण नव्हतं. राहिले दोघं. डॉक्टरीणबाईंचं त्या गाडीवर इतकं प्रेम की दार लावतानासुद्धा त्या हळूच लावायच्या. आणि आमचे हे? मला हसूच आलं. वन्संना आलं नाही.

"काल घरी कोण आधी पोचलं?"

मी. आणि हे पोचले ते चांगला अंधार पडायला आल्यावर. वाट तीच, गाडी माझ्यापेक्षा वेगवान. मला ते तेव्हाही खटकलं होतं, पण मी म्हटलं भेटलं असेल कुणीतरी बडबड करायला.

जेवताना वन्संनी सहज विचारल्यासारखं विचारलं, काल उशीर का झाला रे. हे म्हणाले, रस्त्यात गर्दी होती. रविवारी संध्याकाळी? मग म्हणाले, पेट्रोल भरलं. मी किल्ल्या सांभाळते तसं पेट्रोलही मीच बघते, टाकी शनिवारीच भरली होती. मग म्हणाले, तुम्ही दोघी मला काय चोर समजता का, आणि ताटावरून उठले. खरं म्हणजे जेवताना उठायची ह्यांची जात नाही.

वन्सं शांतपणे पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझा भाऊ खोटं बोलतोय."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. चालत गेलो, वन्संच्या पोटासाठी. रात्रभर मी ह्यांच्याशी बोलले नव्हते. हे सकाळी सामान न्यायला आलेल्या मिस्त्रींना धीर देत फिरत होते, झालं गेलं विसरा म्हणत होते, आणि ते ऐकून माझ्या अंगाची लाही होत होती. स्वतः मोडून वर दुसऱ्याला माफ करणारा नवरा पदरी पडला असेल तर काय करावं, हा एकच विचार डोक्यात.

डॉक्टरीणबाईंनी दोन रुग्णांच्या मध्ये आम्हाला आत घेतलं. पांढरा कोट, आखूड नखं, हत्यारं एका ओळीत. या बाईंनी माझी अक्कलदाढ काढली होती तेव्हा कधी निघाली ते मला कळलं नव्हतं, इतका हलका हात. वन्संनी गाडीचं काही सांगितलं नाही, फक्त निळी का घेतलीत असं विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यांची पाठ. सामानाला जागा. शिवाय रोज कोण गिअर टाकत बसणार. पाठ केल्यासारखं सगळं एका दमात.

रविवारी लाल गाडी फाटकापर्यंत कशी चालली, असं वन्संनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, हळू नेली, झोपलेलं मूल न्यावं तशी. मग त्यांनी हात धुवायला घेतले. मी बघत होते, धुतलेलेच हात त्या पुन्हा धूत होत्या.

बाहेर बाकावर प्रोफेसर बायकोसाठी डबा घेऊन बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, त्या फेरीने माझं मतच बदललं. रविवारी घरी गेल्यावर मीच हिला म्हटलं, पाठीचं बघू पुढे, आपण लालच घेऊ. तर ही म्हणाली, विषय संपला, निळी. इतके महिने माझ्याशी या गाडीवरून वाद घातला, आणि मी हरलो तर ही जिंकायलाच तयार नाही. मग आवाज खाली करून म्हणाले, त्या दिवसापासून धड जेवत नाहीये.

वन्सं म्हणाल्या, "मग?"

प्रोफेसरांनी वन्संकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि एकाएकी गाडीला काही झालंय का असं विचारलं. वन्संनी सांगितलं. मिस्त्री काम सोडून चालले आहेत हेही सांगितलं. प्रोफेसरांनी डबा बाकावर ठेवला. मग उठून उभे राहिले.

"ती गाडी मी मोडली," ते म्हणाले.

५

आम्ही त्यांना घेऊनच गॅरेजमध्ये आलो. प्रोफेसरांनी मिस्त्रींसमोर उभं राहून सगळं कबूल केलं. चहाच्या वेळी मी शेडमध्ये एकटा होतो, लाल गाडीत जाऊन बसलो, सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. आवाज आवडला म्हणून दाबूनच धरला. मग काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि मी घाबरून उतरलो.

मिस्त्री कधी नव्हे ते हसले. म्हणाले, सर, तुम्ही सबंध दिवस दाबून धरला असता तरी ती नऊच्या वर गेली नसती, ठिणगी तोडते ती. आणि मग काटा कसा पाडलात? प्रोफेसर म्हणाले, बोटाने. मिस्त्री म्हणाले, त्यावर काच आहे.

प्रोफेसर खाली बसले. मला त्यांची इतकी दया आली की मी चहा टाकायला वळले. तेवढ्यात वन्सं मोठ्या आवाजात म्हणाल्या, हे खोटं कुणासाठी बोलताय ते मला कळलंय, पण आधी माझ्या घरातलं खोटं मिटवू दे. आणि त्यांनी ह्यांना हाक मारली.

हे ऑफिसातून आले. मला राहवलंच नाही. म्हटलं, अहो, रविवारी कुठे होतात ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा, नाहीतर मिस्त्रींच्या टेम्पोत त्यांच्या शेजारी बसून मीही जाते.

ह्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं. मग आत जाऊन जुन्या चादरीत गुंडाळलेली एक मोठी फळी घेऊन आले. ती पाटी होती, नवीकोरी. वर गॅरेजचं नाव, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मालक म्हणून ह्यांचं आणि मिस्त्रींचं, दोघांची नावं शेजारी शेजारी. रंगाऱ्याकडे थांबलो होतो, हे म्हणाले, अक्षरं कमीजास्त व्हायला नकोत म्हणून. भागीदारीच्या दिवशी लावणार होतो. आता हा निघालाच आहे तर ही पाटी मी कशी दाखवू?

मिस्त्रींनी पाटी वाचली आणि तोंड फिरवलं. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. फाटकापासून गावापर्यंत नुसते खड्डे, आणि रंगाऱ्याचं दुकान भर वस्तीत. त्या सगळ्या वाटेवर चौथा गिअर टाकायलासुद्धा जागा नाही, तीन हजारांच्या वर गाडी जाणार कशी? काटा तीनवर होता तो ह्यांच्याच त्या गोगलगायीच्या चालीने. म्हणजे हे गाडीत बसायच्या आधीच कुणीतरी तो पाडून ठेवला होता.

६

"आता फक्त कसं ते राहिलं," वन्सं म्हणाल्या. "ठिणगी तुटते तर इंजिन नऊच्या वर जातंच कसं?"

मिस्त्रींनी सांगितलं की एकाच रीतीने जातं. गाडी जोरात पळत असताना वरचा गिअर टाकायच्या ऐवजी खालचा पडला तर. मग इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि तिथे ठिणगी तोडून काही उपयोग नसतो. पण अशी चूक नवशिका करतो, आणि नवशिका एवढ्या जोरात जात नाही. ही गाडी एवढी पळवणाऱ्या माणसाचा हात असा चुकायचा नाही.

वन्संना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून त्यांनी दोन्ही गाड्यांत बसून बघायचं ठरवलं. गाडी उभी होती तरी त्यांनी खिशातून पेपरमिंट काढून तोंडात टाकली. आधी निळीत बसल्या. ही आपली आपण गिअर बदलते ना, मग हा दांडा कशाला? मिस्त्री म्हणाले, हौस असेल त्याला हातानेही बदलता येतो. दांडा पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. वन्संनी पुढे मागे करून पाहिलं. मग लाल गाडीत जाऊन बसल्या.

"हिचा चौथा कुठे?"

"मधोमध, मागे ओढून."

वन्संनी दांडा चौथ्यात ओढला. "आता मला वरचा हवा. म्हणजे पुढे ढकलायचा."

"नाही, नाही. पाचवा बाजूला घेऊन मग पुढे. नुसता सरळ पुढे ढकललात तर तिसरा..."

मिस्त्री बोलता बोलता थांबले. ह्यांनी कपाळावर हात मारला. मला कळायला थोडा वेळ लागला, कारण मी निळीचा दांडा कधी हलवलाच नव्हता.

मग वन्संनी एकेक गोष्ट मांडली. ही चूक कच्च्या हाताची नाही, सवय झालेल्या हाताची आहे. ज्याने नुकतीच निळी गाडी हाताने गिअर बदलत भरपूर चालवली, आणि उतरून लगेच लाल पळवली, त्याचाच हात वरच्या गिअरसाठी सरळ पुढे जाईल. माझा भाऊ निळीचा दांडा हलवत नाही, तो एका हाताने चहा पितो. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिने निळी चालवली ती फाटकानंतर. मिस्त्रींनी ती चालवलीच नाही. प्रोफेसरांना तो दांडा हलतो हेच माहीत नाही. प्रोफेसरांनी मान हलवली, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मीच शिकवलं त्यांना," मिस्त्री हळूच म्हणाले. "म्हणाल्या, मशीनच्या मनाने चालवायची तर मी कशाला बसू? दुपारभर निळीचे गिअर त्यांनी हातानेच टाकले."

आणि त्यानंतर उघडी, मोकळी, लांबच लांब धावपट्टी, हातात आवडती गाडी, बघायला कुणी नाही. निळीत आमचा टप बंद आणि प्रोफेसरांची गाणी लावलेली, मिस्त्रींच्या कानाशी डिझेलची घरघर. हळू नेली असेल कुणी? मी तरी नेली नसती.

आता त्यांना बोलवायचं कसं यावर हे आणि वन्सं वाद घालायला लागले. प्रोफेसर म्हणाले, मी फोन करतो. त्यांनी बायकोवर आळबीळ काही घेतला नाही. एवढंच म्हणाले, अगं, मिस्त्रींना वाटतंय की त्यांनी इंजिन चुकीचं बांधलं, आणि ते हे काम कायमचं सोडून चाललेत. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

डॉक्टरीणबाई आल्या त्या कोट अंगात तसाच. दवाखान्यात रुग्ण बसवून आल्या असाव्यात. कुणाकडे न बघता त्या थेट मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा हात चुकला," त्या म्हणाल्या. "चौथ्यातून पाचवा टाकायला गेले आणि तिसरा पडला. काटाही मीच पाडला. तुमच्यावर येईल हे माझ्या मनात आलं नाही, शप्पथ. मला फक्त ते कुणाला कळायला नको होतं. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात ते या हाताच्या भरवशावर, मिस्त्री. तो असा चुकलेला मला बघवेना. निळी घेतली की ही पुन्हा डोळ्यासमोर येणार नाही असं वाटलं."

रडू आवरत होत्या. प्रोफेसर जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. मिस्त्री मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते, ते गाडीकडे बघत होते.

"पाडायच्या आधी काटा किती दाखवत होता?"

बाई कोटाचं बटण चाळवायला लागल्या.

"सांगा ना. तुम्ही सोडून कुणीच पाहिलेला नाही तो."

"तबकावर दहापर्यंतच आकडे आहेत," बाई म्हणाल्या. "तो दहाच्या पुढे गेला होता. पलीकडच्या खुंटीला जाऊन टेकला होता."

ह्यांनी हळूच शीळ घातली. मला वाटलं आता मिस्त्रींचा संताप होणार, आणि झाला तरी माझी तक्रार नव्हती. पण ते गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, सोमवारी राहिले होते तसेच. फक्त चेहरा वेगळा होता.

"दहाच्या वर," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी बांधलेलं असतं तर तिथेच धावपट्टीवर तुकडे वेचावे लागले असते. शेठ, तुम्ही ही त्या संध्याकाळी घरापर्यंत चालवत आणलीत?"

"रंगाऱ्याकडून वळसा घालून," हे म्हणाले.

मिस्त्रींनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "मग कुठली घेताय?"

"लाल," त्या म्हणाल्या. "पण ती आता..."

"ती आता काही नाही. व्हॉल्व बदलेन, महिना लागेल, आणि शनिवारी याल तेव्हा जुने कपडे घालून या, या वेळी नुसतं बघायचं नाही." मग त्यांनी पेटी उघडली, पाना काढला, आणि आम्ही सगळे तिथेच उभे आहोत हे विसरून बॉनेटखाली डोकं घातलं. आतून त्यांचा आवाज आला, आम्हाला नाही, स्वतःलाच.

"दहाच्या वर जाऊन आली, आणि आपल्या पायांनी घरी आली."